दोनदाती गोऱ्हा आणि बारा वर्षांचा ट्रॅक्टर

पत्राचा सारांश: वरुड तालुक्यातल्या एका खेड्यातून वाचक ताईंनी लिहिलं आहे. त्या मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या. घरी संत्र्याची बाग, आणि धाकट्या दिराचा जुने ट्रॅक्टर, थ्रेशर, फवारणी पंप घेण्या-विकण्याचा धंदा. मोबाईलवर जाहिराती टाकणं आणि येणारे फोन घेणं ही कामं ताईंकडे. मागच्या महिन्यात हैदराबादहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला, तो इंग्रजीतच बोलत होता. ट्रॅक्टर किती जुना, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, ‘धिस ट्रॅक्टर इज एल्डरली, इट हॅज ट्वेल्व्ह इयर्स.’ पलीकडचा माणूस हसला, आणि ओसरीवर बसलेले दीरही हसले. तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला की त्या फोन दुसऱ्याच्या हातात देतात. चौथीतली मुलगी इंग्रजी शाळेत जाते, ती घरात आईचं इंग्रजी दुरुस्त करते, तेही मनाला लागतं. दिराचा आग्रह असा की प्रत्येक जाहिरातीत ‘लाइक न्यू’ लिहायचं. त्या विचारतात: अमरावतीला जाऊन इंग्रजीचा क्लास लावू, की हे कामच सोडून देऊ? साध्या वस्तूचं वय सांगता येत नाही, म्हणजे माझं शिक्षण वाया गेलं का?

ताई,

ट्रॅक्टर बारा वर्षांचा आहे, हे त्या गिऱ्हाइकाला तुमच्या वाक्यातून कळलं होतं. त्याला हवी होती ती माहिती त्याच्यापर्यंत पोचली. अडलं ते एका शब्दापाशी. ‘एल्डरली’ हा शब्द माणसांसाठी आहे, तोही मान राखून वापरायचा, आपण ‘वयस्कर’ किंवा ‘वडीलधारे’ म्हणतो तसा. वडीलधारा ट्रॅक्टर म्हटल्यावर आपल्या कानाला जसं खटकेल तसं त्याच्या कानाला खटकलं, एवढंच झालं. दुसरा भाग, ‘इट हॅज ट्वेल्व्ह इयर्स’, हा तर सरळ आपल्या मराठीतून आला. आपण म्हणतो ‘ट्रॅक्टरला बारा वर्षं झाली’. त्या ‘ला’साठी तुम्ही ‘हॅज’ शोधलात. ज्याच्या डोक्यात व्याकरण नाही त्याला असा शोध सुचत नाही. तेव्हा शिक्षण वाया गेलं हा विचार आधी बाजूला ठेवा.

मी बरीच वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, यवतमाळकडच्या खेड्यांमध्ये. ‘हाऊ ओल्ड’वर अडखळणारी मुलं दरवर्षी भेटायची, आणि नेहमी एकाच जागी अडखळायची. ती ‘जुना’ला इंग्रजी शब्द शोधत बसायची. पण आपण तरी मराठीत सगळ्याला ‘जुनं’ म्हणतो का? लहानपणी वडिलांसोबत बैलबाजारात गेले होते, तिथलं एक दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. दलालानं गोऱ्ह्याची वेसण धरली, अंगठ्यानं खालचा ओठ दाबला आणि ओला, गुलाबी जबडा वडिलांसमोर धरला. दुधाच्या बारीक दातांमध्ये दोन रुंद, पांढरे दात. ‘दोनदाती हाये, पाहून घ्या.’ झालं, वय सांगून झालं. गोऱ्हा किती वर्षांचा हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. बैलाला समोरचे दात खालच्याच जबड्यात असतात, आठ. पहिली पक्की जोडी दुसऱ्या वर्षाच्या आसपास येते, मग चारदाती, सहादाती, आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास दात जुळतात. तिथून पुढे दातांची झीज पाहून अंदाज करायचा. बाजारातल्या माणसाला वर्षांचा आकडा नको असतो. हे जनावर अजून किती वर्षं जू ओढेल, हे त्याला कळायला हवं असतं.

गंमत म्हणजे इंग्रजी शेतकरीही हेच करत आला. मेंढ्यांच्या बाजारात तिकडे ‘टू-टूथ’ म्हणतात, म्हणजे आपलं दोनदातीच. दात जुळलेल्याला ‘फुल माउथ’. वय झालेल्याला ‘लाँग इन द टूथ’ म्हणायची पद्धत घोड्यांवरून पडली, कारण वयानं हिरड्या मागे सरतात आणि दात लांब दिसायला लागतात. तुमच्या जाहिरातीत हा शेवटचा वापरू नका, त्यात उतरत्या वयाचा सूर आहे. पण ज्या भाषेची तुम्हाला धास्ती वाटते तिची माणसंही बाजारात दात पाहूनच वय ठरवत होती, हे तुम्हाला माहीत असावं असं मला वाटलं.

आता ‘ओल्ड’ या शब्दाकडे येऊ, खरी गोम तिथे आहे. काल रात्री गोठ्यात झालेलं वासरू इंग्रजीत ‘वन डे ओल्ड’ असतं. ते वासरू जुनं आहे का? म्हातारं आहे का? नाही. इथे ‘ओल्ड’चा अर्थ जुना असा नाहीच, ते नुसतं माप आहे. भिंत ‘फाइव्ह फीट हाय’ म्हटली की ती उंच ठरत नाही, पाच फूट एवढीच ठरते, तसंच हे. मराठीत हे काम ‘चा-ची-चं’ करतात: एक दिवसाचं वासरू, बारा वर्षांचा ट्रॅक्टर. म्हणून आपल्या माणसाला ‘ओल्ड’ म्हणताना उगाच वाटतं की आपण मालाला नावं ठेवतोय. तुम्ही ‘एल्डरली’ हा सौम्य शब्द का निवडला असेल, याचा मी विचार केला. आपल्या मालाला सरळ ‘ओल्ड’ म्हणायला तुमची जीभ रेटली नसेल. ही भीती सोडा. महिनाभरापूर्वी घेतलेला फोनही ‘वन मंथ ओल्ड’च असतो, आणि तो नवाच असतो.

तर म्हणायचं, ‘इट इज ट्वेल्व्ह इयर्स ओल्ड.’ आणि ट्रॅक्टर शब्द शेवटी आणायचा असेल तर ‘अ ट्वेल्व्ह-इयर-ओल्ड ट्रॅक्टर’. दुसऱ्या वाक्यात ‘इयर्स’मधला ‘स’ गळतो. शाळेत हा नियम पाठ करून घेतात आणि मुलं परीक्षेनंतर विसरतात. तुम्ही तो असा लक्षात ठेवा: ‘गाडीला चार चाकं आहेत’, पण ‘चारचाकी गाडी’. मोठा शब्द करून नावापुढे जोडला की मधला शब्द आपलं अनेकवचन टाकून देतो. आपल्या भाषेत तुम्ही हे रोज करता.

जाहिरातीत दुसरी एक चूक नेहमी दिसते, मोठमोठ्या शहरांतल्या जाहिरातींतही: ‘यूजिंग सिन्स टेन इयर्स.’ याचं मूळही मराठीत सापडतं. आपला ‘पासून’ दोन कामं करतो. ‘२०१४ पासून’ही म्हणतो आणि ‘दहा वर्षांपासून’ही म्हणतो. इंग्रजीनं ही दोन कामं दोन शब्दांना वाटून दिली आहेत. जिथून सुरुवात झाली त्या खुणेला ‘सिन्स’, म्हणजे ‘सिन्स २०१४’. आणि मधल्या लांबीला ‘फॉर’, म्हणजे ‘फॉर टेन इयर्स’. धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा दगड आणि दोन दगडांमधलं अंतर, असं चित्र मनात धरा. दगडाला सिन्स, अंतराला फॉर.

धंद्याच्या दृष्टीनं यापेक्षा मोठी बाब आहे वस्तूचं वय आणि आपल्याकडे असण्याचा काळ यांत गल्लत न होऊ देण्याची. ‘वी बॉट इट फोर इयर्स अगो’ हे खरं असेल, पण तो चार वर्षांपूर्वी तुमच्याकडे आला तेव्हाच आठ वर्षांचा होता. गिऱ्हाईक चार ऐकतं, चार धरतं, आणि आरसी बुक पाहिल्यावर त्याचा चेहरा बदलतो. म्हणून दोन्ही सांगा: ‘इट इज ट्वेल्व्ह इयर्स ओल्ड. वी आर द सेकंड ओनर्स.’ आरसीवर बनावटीचा महिना आणि साल असतं, तिथलंच साल जाहिरातीत टाका. ‘अ २०१३ मॉडेल’ एवढे दोन-तीन शब्द पुरतात आणि कोणालाही समजतात. नोंदणीची पंधरा वर्षं भरत आली असतील तर तेही लिहा, कारण नूतनीकरणाचा खर्च आणि चकरा घेणाऱ्याच्या माथी येणार आहेत. ट्रॅक्टरला तर वर्षांइतकेच इंजिन चाललेले तास महत्त्वाचे. सहा वर्षांचा पण भाड्यानं राबलेला ट्रॅक्टर, आणि बारा वर्षांचा पण घरच्याच शेतापुरता चाललेला ट्रॅक्टर, यांत दुसरा तरुण असू शकतो. अवर मीटर चालू असेल तर त्याचा फोटो टाका आणि खाली लिहा, ‘फोर थाउजंड अवर्स’. बंद असेल तर बंद आहे असं लिहा.

साल माहीतच नसेल तर? आपल्या गावात असं फार असतं. विहीर कधी खोदली, विचारलं तर तुमच्या भागातला म्हातारा माणूस सांगेल, ‘मोवाड वाहून गेलं त्या साली.’ वर्धा नदीचा तो पूर १९९१ च्या जुलैचा. म्हणजे विहीर १९९१ ची. इंग्रजीत म्हणता येईल, ‘द वेल वॉज डग इन १९९१, द इयर ऑफ द मोवाड फ्लड.’ आपल्या आठवणीतलं साल इंग्रजीत गेलं म्हणून हरवत नाही. आणि आठवणही पुसट असेल तर ‘अबाउट थर्टी इयर्स ओल्ड’, ‘ओव्हर थर्टी’, ‘ॲट लीस्ट थर्टी’ असं म्हणायचं, आणि यात काही कमीपणा नाही. लोणारच्या सरोवराचं घ्या. एका मोजणीत त्याचं वय साधारण ५२ हजार वर्षं आलं, पुढच्या दुसऱ्या पद्धतीच्या मोजणीत ५ लाख ७० हजारांच्या घरात. शास्त्रज्ञही त्यापुढे ‘अबाउट’ लावतात.

आपल्या शकुंतलेचं, म्हणजे त्या छोट्या आगगाडीचं वाफेचं इंजिन मी वर्गात नेहमी उदाहरणाला घ्यायचे. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलं, १९२३ पासून धावलं आणि १९९४ मध्ये डिझेल इंजिन आलं तेव्हा थांबलं. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरच्या मुलांनी ते घरातल्यांच्या तोंडून ऐकलेलं असायचं. ‘इट वॉज बिल्ट इन १९२१. इट रॅन फॉर सेव्हन्टी-वन इयर्स.’ पहिल्या वाक्यात जन्म, दुसऱ्यात नोकरी. मुलांना ‘इन’ आणि ‘फॉर’ मी वेगळे कधी शिकवले नाहीत.

घरातल्या वस्तूंना ‘ओल्ड’ सरसकट लावू नका, एवढं मात्र सांभाळा. कालची पोळी शिळी, ती ‘स्टेल’ म्हटली तर वाळली, बेचव झाली असा अर्थ निघतो. रात्रीची भाजी सकाळी गरम करून खाणार असाल तर ती ‘लेफ्टओव्हर’, म्हणजे उरलेली. मराठीत दोन्ही शिळंच. उलट तांदूळ जुना असेल तर भाव जास्त, त्याला ‘एज्ड राइस’ म्हणतात, आणि त्यात कौतुक आहे. वर्षभर मुरलेल्या लोणच्यालाही ‘ओल्ड’ म्हणू नका, ‘वेल एज्ड’ म्हणा. ‘यंग’ मुख्यतः जिवंत गोष्टींना: पाच वर्षांची संत्र्याची बाग ‘यंग ऑर्चर्ड’, कारण ती आत्ता कुठे फळ धरायला लागली. पाच वर्षांचा ट्रॅक्टर मात्र ‘यूज्ड’. बाग सांगताना वर्ष लागवडीपासून मोजलंय हे सांगितलेलं बरं, ‘प्लँटेड इन २०१९’ म्हटलं की प्रश्न मिटतो. आणि ‘व्हिंटेज’ हा शब्द शोभेला टाकू नका. आपल्याकडे २०२१ च्या नियमांप्रमाणे वाहन व्हिंटेज ठरायला पन्नास वर्षं व्हावी लागतात. ‘अँटीक’ही तसाच जपून. पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात बहुतेक वस्तूंना शंभर वर्षांची अट आहे.

आता ‘लाइक न्यू’. ताई, तुमच्या पत्रात हा मुद्दा शेवटी, दोन ओळींत आला आहे. माझ्या मते तोच सगळ्यात जड आहे. फोन वाजल्यावर तुमचा घसा कोरडा पडतो त्याला इंग्रजी एकटंच कारण असेल का, हे स्वतःला विचारून पाहा. जाहिरातीत तुमच्या हातानं ‘नव्यासारखा’ लिहिलेलं आहे, आणि पलीकडून विचारणा होते, ‘हाऊ ओल्ड?’ खरं सांगावं तर लिहिलेलं खोटं पडतं. लिहिलेलं धरून ठेवावं तर तोंडून खोटं निघतं. अशा वेळी मराठीतही जीभ अडखळली असती. तुम्ही लिहिलंय की दीर म्हणतात, ‘वैनी, टाकून द्या ना, कोन पाह्यते!’ पण पाहणारा पाहतोच. तो शे-दोनशे किलोमीटर गाडीभाडं खर्चून येतो, टायरच्या नक्षीवर अंगठा फिरवतो, क्लच दाबून बघतो, ऑइलची काडी बाहेर काढून बोटांत चोळतो. नव्यासारखा नाही हे त्याला दोन मिनिटांत कळतं, आणि मग तुमच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा भरवसा राहत नाही. फसव्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तरतूद आहे, तीही भाऊजींच्या कानावर घाला.

‘लाइक न्यू’ काढल्यावर तिथे लिहायला तुमच्याकडे पुष्कळ आहे. समजा, बारा वर्षांचा ट्रॅक्टर, दुसरा मालक, इंजिनचं काम गेल्या वर्षी झालंय, मागचे टायर नवे, पुढचे झिजलेले, हायड्रॉलिक ठीक. तर असं लिहा: ‘ट्वेल्व्ह इयर्स ओल्ड. सेकंड ओनर. इंजिन ओव्हरहॉल्ड लास्ट इयर. रिअर टायर्स न्यू, फ्रंट टायर्स वॉर्न. इन गुड वर्किंग कंडिशन.’ यात एकही शब्द अवघड नाही आणि एकही खोटा नाही. झिजलेल्या टायरला ‘वॉर्न’ लिहिलं की बाकीचं खरं वाटतं. ‘वेल मेंटेन्ड’ लिहायचं तर ऑइल बदलल्याच्या पावत्या असतील तरच. खरंच नवी, खोक्यातली वस्तू असेल तेव्हा ‘ब्रँड न्यू’ म्हणा. त्यातला ‘ब्रँड’ म्हणजे मुळात जळतं लाकूड, विस्तव. लोहाराच्या भट्टीतून नुकताच निघालेला विळा जसा, तसं नवं. आपलं कोरं करकरीत.

क्लासचं विचाराल तर इंग्रजीची हौस असेल, वेळ आणि पैसा असेल तर जरूर लावा, मी अडवणार नाही. पण या कामासाठी अमरावतीच्या चकरा मारायची गरज मला दिसत नाही. तुमची गिऱ्हाइकं कुठली आहेत, एकदा वहीत मांडून पाहा. वरुडहून बैतूल, छिंदवाडा जवळ. तिकडचा माणूस हिंदीत बोलणार, अकोला-यवतमाळचा मराठीत. इंग्रजीतच बोलणारे महिन्यातून किती, हे तुम्हालाच कळेल. जाहिरात आधी मराठीत आणि हिंदीत पूर्ण लिहा, खाली चार ओळी इंग्रजी. हैदराबादच्या माणसाशीही ‘हिंदी चलेगा?’ असं विचारून सुरुवात करता येते, बहुतेकदा तो खूश होईल. आणि त्याला इंग्रजीच हवं असेल तर पाच वाक्यं कागदावर लिहून फोनजवळ भिंतीला चिकटवा: किती वर्षांचा, कितवा मालक, किती तास, काय बदललं, काय बदलायचं राहिलं. तेवढी सांगा आणि थांबा. पुढचं तो विचारेल. समजलं नाही तर ‘प्लीज से इट अगेन’ म्हणा. घाईत शब्द जुळवायची गरज नाही.

काम सोडायचं की नाही हे ठरवण्याआधी भाऊजींशी एकदा बोला. चारचौघांत नको, संध्याकाळी ओसरीवर कोणी नसताना. ‘त्या दिवशी तुम्ही हसलात तेव्हापासून मला फोन घ्यावासा वाटत नाही’ एवढंच म्हणा, पुढे काही जोडू नका. त्यांना कदाचित आठवतही नसेल. आणि ‘लाइक न्यू’ मी लिहिणार नाही, हे त्याच बैठकीत सांगा. फोन तुम्ही घेता म्हणजे गिऱ्हाईक शब्द तुमचा धरतं. हे त्यांना पटलं तर काम ठेवा. नाहीच पटलं, तर सोडा, आणि इंग्रजी येत नाही म्हणून सोडलं असं कोणालाही सांगू नका.

मुलगी चुका काढते तेव्हा लागतं, ते मला समजतं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आयांनी मला हे सांगितलं आहे. तिला गप्प करू नका, तिला कामाला लावा. तुमच्या घरात पितळेची, स्टीलची भांडी असतील, त्यांवर लग्नात दिलेल्यांची नावं आणि तारखा टाचलेल्या असतील. माझ्या आईच्या गुंडावर, म्हणजे पाण्याच्या पितळी भांड्यावर, माझ्या मामाचं नाव आणि ‘१२-५-६८’ असं कोरलं आहे, चिंचेनं घासून घासून आठचा आकडा अर्धा पुसला गेलाय. अशी चार भांडी रविवारी काढून घेऊन बसा. तिनं तारीख वाचायची, तुम्ही हिशेब करायचा, आणि दोघींनी मिळून वाक्य म्हणायचं: ‘धिस पॉट इज थर्टी इयर्स ओल्ड. इट इज ओल्डर दॅन मी.’ कोणतं भांडं कोणी दिलं, त्या वेळी काय झालं होतं, हे तुम्ही तिला मराठीत सांगा. ते तिच्या शाळेत कोणी शिकवणार नाही.

पहिली नवी जाहिरात लिहिलीत की मला पाठवा. मी वाचून कळवीन.